कुंदा, ती गोष्ट तू अर्धी सांगितलीस

कुंदा, परवा तुझ्या तेराव्याला मी जेवले नाही. मनोहररावांना वाटलं, मला घास उतरत नाहीये. तुझ्या सुनेने दोनदा आग्रह केला, "मावशी, थोडं तरी घ्या." मी मान हलवली आणि पाण्यावर उठले. खरं सांगायचं तर भूक होती. पण मी तुझ्यावर रागावले होते, आणि रागात असताना तुझ्या घरचं अन्न मला घ्यायचं नव्हतं. गेलेल्या माणसाशी भांडण कसं मिटवायचं, हे तू कधी शिकवलं नाहीस. तुझ्या तासाला येणारी दोन्ही माणसं जिवंत असायची.

तेरा दिवस जो आला तो एकच बोलत होता. मॅडमनी कुणाचं भांडण राहू दिलं नाही. मॅडमनी पूर्ण टाउनशिपच्या मुलांना बोलायला शिकवलं. तुझे जुने विद्यार्थी, आता पोटं सुटलेले, केस पिकलेले, तुझ्या फोटोसमोर उभे राहून डोळे पुसत होते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होते. एक भांडण राहिलं होतं, कुंदा. तुझं नि माझं. ते त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

आपण स्टाफरूममध्ये पहिल्यांदा भेटलो तेव्हा तू साताऱ्याहून नुकतीच इकडे हिंदी मुलखात आली होतीस. मनोहरराव कारखान्यात इंजिनियर, माझे हे तिथेच क्लार्क. तुझं मराठी इस्त्री केलेल्या साडीसारखं, आणि मी उज्जैनची. मी म्हटलं, "संध्याकाळी ये ना, मी भाजी सुधारून ठेवते." तू इतकी हसलीस की हातातला चहा सांडला. "भाजीचं काय बिघडलं होतं गं, सुधारायला?" मला राग आला होता. पण संध्याकाळी तू आलीस, ओट्यापाशी उभी राहून माझ्याबरोबर गिलकी, तुमची घोसाळी, चिरलीस, आणि जाताना म्हणालीस, "छान सुधारली हो आपण." त्या एका वाक्यावर मी तुझी झाले. तुला ते येत असे. माणसाला दुखवायचं आणि त्याच जागी हात ठेवायचा.

शनिवारचा तो तास तू सुरू केलास तेव्हा सगळे हसले. तोवर आपल्या शाळेत मारामारीवर दोनच उपाय होते. पट्टी, नाहीतर कोंबडा. तू खेळाच्या सामानाची खोली मागून घेतलीस, त्यातल्या जाळ्या आणि फुटके डंबेल्स एका बाजूला सारलेस आणि दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्यास. नियम एकच. आधी समोरच्याची बाजू तुम्ही सांगायची. त्याने 'हाँ, मैंने यही कहा था' म्हणेपर्यंत सांगायची. मग तुमची पाळी. पोरांनी त्याचं नाव ठेवलं, सुलह का पीरियड, समेटाचा तास.

माझा विश्वास नव्हता. गणिताच्या बाईला अशा गोष्टी पोकळ वाटतात. पण एकदा तू मला जबरदस्तीने आत बसवलंस. आठवीतल्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. खो-खोच्या संघातून एकीचं नाव कटलं होतं आणि तिला वाटत होतं, दुसरीने चुगली केली. पहिली आधी नाक मुरडत, नक्कल करत बोलायला लागली. "ये कहती है कि इसने कुछ नहीं किया. ये कहती है कि सर ने इससे पूछा तो इसने बोल दिया कि मेरा पाँव दुखता है..." आणि तिथे ती थांबली. तिचा पाय खरोखरच दुखत होता. ती घरी कुणालाच सांगत नव्हती. मैत्रिणीने तिला वाचवलं होतं. दोघी रडल्या, तू मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसलीस, आणि मी रुमाल शोधत राहिले.

त्या दिवसापासून मी तुझ्या बाजूची झाले. स्टाफमध्ये कुणी तुझी टर उडवली की मी भांडायचे. हे विसरू नकोस. पुढे जे झालं ते परक्या बाईने केलेलं नाही.

सरिता नववीत होती, माझ्याच वर्गात. बाप ठेकेदाराकडे वेल्डर, टाउनशिपबाहेर सोनागिरीला एका खोलीत पाच माणसं. आपल्या शाळेत बाहेरच्या मुलांना ज्या थोड्या जागा असत, त्यातल्या एकीवर ती आली होती. गणितात हुशार. माझी लाडकी, असं मी स्वतःशी म्हणायचे. आणि त्याच वर्गात शिल्पा. तिचे वडील कारखान्यात मोठे साहेब, शाळेच्या समितीवर. ते ट्रेनिंगला परदेशी गेले तेव्हा तिच्यासाठी एक कॅलक्युलेटर घेऊन आले होते. तसा आपण शिक्षकांनीसुद्धा पाहिला नव्हता.

एक दिवस मधल्या छुट्टीनंतर शिल्पा उभी राहिली. "मैडम, मेरा कैलकुलेटर नहीं है. सरिता मेरे डेस्क के पास खड़ी थी."

बस, एवढंच. मी सरिताला टेबलाजवळ बोलावलं. तिचं दप्तर घेतलं आणि सगळ्या वर्गासमोर उलटं केलं. वह्या, वर्तमानपत्रात बांधलेल्या दोन पोळ्या, पेन्सिलीचा तुकडा, आणि एक छोटं कापडी पुडकं. सरिताने त्यावर झटकन हात ठेवला. "मैडम, ये नहीं." मी तिचा हात बाजूला केला आणि पुडकं उघडलं. आत घडी केलेल्या जुन्या सुती साडीचे तुकडे होते. चौदा वर्षांच्या मुलीला महिन्याच्या त्या दिवसांत लागतात ते. मागच्या बाकांवर मुलगे होते. आधी एक हसला, मग सगळे.

ती रडली नाही. तिने एकेक वस्तू उचलून दप्तरात भरली, पुडकं सगळ्यात खाली ठेवलं, आणि जागेवर जाऊन बसली. मी फळ्याकडे वळले आणि पुढचं उदाहरण लिहिलं. माझा खडूसुद्धा तुटला नाही. मला हे लिहून ठेवायचं आहे.

दोन दिवसांनी कॅलक्युलेटर सापडला. शिल्पा तो टी. टी. नगरला शिकवणीच्या ठिकाणी विसरली होती.

मी तुझ्याकडे धावत आले. तू म्हणालीस, "शनिवारी दोघींना पाठव. मी बघते." मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. आता कुंदा बघेल. तुझ्या खोलीच्या दाराशी मी उभी होते, आत आले नाही. शिल्पा वाईट मुलगी नव्हती. तिने सरिताची बाजू सांगितली, सांगता सांगता रडली, हात जोडले. मग तू सरिताला विचारलंस, तुला काय हवंय?

सरिता म्हणाली, "इसने सबके सामने बोला था. ये भी सबके सामने बोल दे. बस."

आणि शिल्पा तयार होती, कुंदा! "बोल दूँगी मैडम," असं ती स्पष्ट म्हणाली. मी ऐकलं. तूही ऐकलंस. सोमवारी पहिल्या तासाला दोन मिनिटांचं काम होतं.

पण त्या शनिवारच्या आधीच प्राचार्यांनी तुला बोलावलं होतं. साहेबांच्या मुलीने वर्गासमोर माफी मागायची, हे त्यांना चालणार नव्हतं. त्यांनी तुला सरळ सांगितलं होतं, असा तमाशा होणार असेल तर शनिवारचा तास बंद. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की तू सरिताच्या खुर्चीजवळ खाली बसलीस, तिच्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि तुझ्या त्या मऊ आवाजात म्हणालीस, "बेटा, माफ़ी तो दिल की होती है. दिल से माँग ली ना इसने? अब हाथ मिलाओ." सरिता तुझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला, जसा सुई टोचून घ्यायला कंपाउंडरपुढे करतात तसा.

त्या वर्षाची परीक्षा देऊन ती शाळा सोडून गेली.

त्याच शनिवारी स्टाफरूम रिकामी झाल्यावर मी तुला गाठलं. "तू भांडण सोडवलं नाहीस, कुंदा. पुसून टाकलंस."

"मग काय करू? एका मुलीसाठी बाकी सगळ्या मुलांचा तास घालवू?"

"त्या एका मुलीसाठीच होता ना तो तास? जिचं कुणी ऐकत नाही तिच्यासाठी?"

तू पदर खोचलास. तुझा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "वसू, दप्तर कोणी उलटं केलं?"

मी वह्यांचा गठ्ठा उचलून निघाले. मला अजून वाटतं, त्या क्षणी तू मला त्या खोलीत न्यायला हवं होतंस. मुलांसाठी दोन खुर्च्या होत्या, आपल्यासाठी एकही नव्हती. पोरांनी भांडायचं, पोरांनीच माफी मागायची, आणि आपण मोठ्या बायांनी बाजूला उभं राहून डोळे पुसायचे. शिक्षकाने चूक केली तर तो कुठे बसणार, हे तुझ्या पद्धतीत नव्हतंच. तुझा तास वाचला. माझी अब्रू वाचली. त्या मुलीचं काय वाचलं?

तरी आपण बोलत राहिलो. एकाच शाळेत, एकाच रस्त्यावरच्या क्वार्टरमध्ये राहून दुसरं काय करणार? आधी फक्त परीक्षेच्या ड्यूट्यांपुरतं. मग माझी आई गेली तेव्हा तू चार दिवस माझ्याकडे स्वयंपाक केलास, कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मुलाला पोलिओसारखा ताप आला असं डॉक्टर म्हणाले तेव्हा हमीदिया रोडच्या दवाखान्याच्या रांगेत माझ्याआधी तू उभी होतीस. अशी तू. तुझ्यावर धड रागावताही येत नसे. त्या शनिवारचा विषय मात्र दोघींनीही काढला नाही. भांडण कसं बोलून मिटवावं हे सगळ्या टाउनशिपला शिकवणारी बाई आणि तिची जवळची मैत्रीण वर्षानुवर्षं हळदीकुंकवाला एकमेकींच्या घरी जात राहिल्या, आणि एका शब्दाला हात लावत नव्हत्या.

निवृत्तीनंतर तू शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोटरा सुल्तानाबादला घर घेतलंस. तुला बाहेर बोलावू लागले. शिक्षकांच्या कार्यशाळा, मुलांशी संवाद कसा साधावा, वगैरे. मला अभिमान वाटायचा. टी. टी. नगरच्या हॉलमध्ये तुझं भाषण होतं तेव्हा मी मागच्या रांगेत येऊन बसले, तुला न सांगता.

आणि तू ती गोष्ट सांगितलीस. नावं बदलून. एक श्रीमंत मुलगी, एक गरीब मुलगी, एक हरवलेला कॅलक्युलेटर. तुझ्या गोष्टीत एका मुलीने दुसरीवर आळ घेतला, मग दोघी समोरासमोर बसल्या, एकमेकींची बाजू सांगितली, "और फिर दोनों बच्चियों ने हाथ मिलाया." हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारची एक तरुण शिक्षिका वहीत लिहून घेत होती. दप्तर नव्हतं त्या गोष्टीत. पुडकं नव्हतं. प्राचार्य नव्हते. मी नव्हते. तुला वाटलं असेल, तू मला वाचवलंस.

मी उठून गेले. संध्याकाळी तुला फोन केला.

"तू अर्धी गोष्ट सांगितलीस."

"तू आली होतीस?" तू म्हणालीस. मग, "वसू, लोकांना अर्धीच झेपते."

"लोकांना की तुला?"

तू फोन ठेवला नाहीस. मी ठेवला. त्यानंतर चार वर्षं मी तुला फोन केला नाही. दिवाळीला तुझा यायचा, मी ह्यांना उचलायला सांगायचे.

तू आजारी आहेस हे मला बाजारात कळलं. दवाखान्यात आले तेव्हा तू इतकी लहान दिसत होतीस, की मी आधी दुसऱ्याच पलंगाकडे गेले. तू हसलीस. "ये, बस." हातात हात घेतलास आणि म्हणालीस, "वसू, आपलं एक काम राहिलंय." मला कळलं होतं, कुंदा. कुठलं काम ते मला तत्क्षणी कळलं. आणि मी काय म्हटलं? "आधी बरी हो. मग बोलू." तू डोळे मिटून घेतलेस. मी तुझं पांघरूण नीट केलं आणि बाहेर पडले. लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही, जिन्याने उतरले. सहा दिवसांनी तू गेलीस.

तेराव्याला पंगती बसायच्या आधी मनोहरराव माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना वाटलं, मला सगळं माहीत आहे. सहज म्हणाले, "ती दोनदा सोनागिरीला जाऊन आली. त्या सरिताकडे. टी. टी. नगरच्या त्या भाषणानंतर तिने ती गोष्ट सांगायचीच सोडली. तिसऱ्यांदा तुम्हाला घेऊन जायचं म्हणत होती."

म्हणून मी जेवले नाही, कुंदा. तू एकटी गेलीस! दोनदा! आपल्या दोघींची चूक, आणि तू एकटीने जाऊन स्वतःपुरतं सोडवून आलीस. मी इकडे तुला खोटारडी म्हणत चार वर्षं काढली, तुला एक वाक्य सांगता आलं नाही? मी फोन उचलत नव्हते म्हणतेस? ह्यांच्याकडे निरोप द्यायचा. चिठ्ठी पाठवायची. दारात येऊन उभं राहायचं. तुला उभं राहता येत होतं तेव्हा.

काल सकाळी मी गेले. मनोहररावांकडून पत्ता घेतला.

सोनागिरीच्या बाजारामागे तिचं दुकान आहे, शाळेचे युनिफॉर्म शिवते. तीन मशिनी, दोन बायका हाताखाली. मी पायरीवर चढले आणि तिने मान वर केली. ओळख सांगावी लागली नाही. तिने नमस्कार केला नाही, पण मशीन थांबवली आणि एक स्टूल पुढे सरकवलं.

"कुंदा मैडम नहीं रहीं," मी म्हटलं.

"पता है. पेपर में देखा." मग म्हणाली, "वो आई थीं यहाँ. रोई थीं. मैंने पानी पिलाया."

"तुमने उन्हें माफ़ कर दिया?"

"उन्होंने माँगी ही नहीं. बोलीं, माँगने नहीं आई, बताने आई हूँ. तू सही थी, मैं डर गई थी. दूसरी बार आईं तो बस बैठी रहीं. मेरी बेटी का हिसाब जाँचा, ग़लत जाँचा." ती किंचित हसली. तुझं गणित तिलाही कळलं होतं.

मी घरून वाक्य तयार करून गेले होते. सगळं सांगितलं. मला लाज वाटते, मी तेव्हा सांगायला हवं होतं, मी तुझी शिक्षिका होते. तिने शेवटपर्यंत ऐकलं. एका निळ्या पिनोफ्रॉकच्या पट्ट्याला टाके घालत ऐकलं.

"शिल्पा का तो मुझे चेहरा भी याद नहीं, मैडम," ती म्हणाली. "आपके हाथ याद हैं. मैंने बोला था, ये नहीं. आपने सुना था. फिर क्यों खोला?"

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की पुडक्यात कॅलक्युलेटर असू शकला असता. मी तेच बोलणार होते. पण ती माझ्या हातांकडे बघत होती.

"क्योंकि तुम्हारा था," मी म्हटलं. "शिल्पा का बैग होता तो मैं हाथ भी नहीं लगाती."

हाताखालच्या दोघी बायका शिवता शिवता थांबल्या. सरिताने दोरा दाताने तोडला.

"मालूम था. आपके मुँह से सुनना था." फ्रॉक घडी करून तिने गठ्ठ्यावर ठेवला. "माफ़ी-वाफ़ी मुझसे नहीं होगी, मैडम. झूठ क्यों बोलूँ? एक बार मिला चुकी हूँ हाथ."

चहा आला. आम्ही दोघींनी प्यायला. एक बाई आपल्या मुलीला घेऊन माप द्यायला आली तेव्हा मी उठले.

कुंदा, मला हलकं वाटलं नाही. तुला तरी वाटलं होतं का, तेही मला आता कधी कळणार नाही. मी घरी येऊन नुसती बसून राहिले, आणि पहिल्यांदा तुझी आठवण रागाशिवाय आली. तू त्याच स्टुलावर बसली असशील. हातातला पेन चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण करत असेल. मी तिथे हवी होते. मी तिथे हवी होते, तू हात धरून न्यायला हवं होतंस, आणि दवाखान्यात तू हात धरलास तेव्हा मी पळाले. दोन्ही खरं आहे. कुठलं आधी मांडू?

या शनिवारी शाळेत तुझी शोकसभा आहे. मला बोलायला सांगितलंय, 'सबसे पुरानी साथी' म्हणून. नवीन प्राचार्यांनी फोनवर सांगितलं, मॅडम, वो दो बच्चियों वाला किस्सा ज़रूर सुनाइए, बहुत प्रेरक है. अजून फिरते आहे तुझी ती गोष्ट. तू सांगायची सोडलीस, पण ज्यांनी लिहून घेतली होती ते सांगतायत.

मी पूर्ण सांगणार आहे. दप्तर, पुडकं, प्राचार्यांची धमकी, हात मिळवणं, आणि तू नंतर सोनागिरीला गेलीस तेही. आज सकाळी सरिताला फोन करून विचारलं, सांगू का? तिच्या मागे मशीन चालू होती.

"सुनाइए," ती म्हणाली. "मेरा नाम मत लेना. अपना लेना."

घेणार आहे. आणि कुंदा, तुझंही घेणार आहे.